नेट गेलं तरी दुधाची नोंद जाऊ नये : ब्राउझर आणि सर्व्हरचा ताळमेळ कसा ठेवता?

मलप्रभाकाठ (खानापूर)

मंडळी, नमस्कार. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडं नऊ दूध संकलन केंद्रांसाठी मी एक वेब ॲप चालवतो. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतचा पट्टा. जुलै-ऑगस्टात ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना पावसाचं वेगळं सांगायला नको. लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही बसतो, आणि मग नेट कधी येईल याचा नेम नाही.

प्रत्येक केंद्रावर स्वस्तातला अँड्रॉइड टॅब्लेट आणि त्यात क्रोम. सकाळी सहा ते साडेसात ही खरी वेळ. साठ-सत्तर माणसं किटली घेऊन रांगेत असतात. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकायचं, 'जमा करा' दाबायचं, चिठ्ठी निघते, पुढचा माणूस.

गेल्या पावसाळ्यात दोन गोष्टी घडल्या. एका केंद्रावर बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, सचिवांनी परत दाबलं. नेट आल्यावर कळलं की दोन्ही नोंदी सर्व्हरवर पोचल्यात. एकाच किटलीचं दूध दोनदा जमा. दुसऱ्या केंद्रावर उलटं झालं. टॅब्लेट भरलाय म्हणून कुणीतरी जागा मोकळी केली, त्यात साइटचा डेटा गेला आणि दोन दिवसांच्या न पोचलेल्या नोंदीही गेल्या. बिलाच्या दिवशी एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या. कमरेच्या पिशवीत ठेवलेली, पावसानं भिजून मऊ झालेली, शाई पसरलेली. पण २.४ लिटर आणि ६.८ फॅट एवढं वाचता येत होतं. आम्ही चिठ्ठीवरून पैसे दिले. ज्यांनी चिठ्ठी टाकून दिली होती त्यांचं काय, हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आत्ताची रचना अशी आहे : दिवसभराच्या नोंदींची एक लांबलचक जेसन (साध्या मजकुराच्या रूपातली) यादी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या टॅब्लेटवरच्या छोट्या साठ्यात, ठेवतो आणि नेट आलं की अख्खी यादी सर्व्हरवर पाठवतो. सर्व्हर त्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधली त्या केंद्राची त्या दिवसाची यादी पुसून ही नवीन लिहितो. बिलंही तिथूनच निघतात. ज्या केंद्रावर गाईला एक आणि म्हशीला एक असे दोन टॅब्लेट आहेत, तिथं यामुळं आणखी गोंधळ होतो. हे सगळं मला नव्यानं लिहायचंय. पुढच्या मिरगाच्या आत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

टिळकवाडीकर (बेळगाव)

आधी ते यादी पुसून यादी लिहिणं बंद करा. दोन टॅब्लेट असले की जो मागाहून पाठवेल तो पहिल्याच्या नोंदी पुसणार, यात नवल काही नाही. प्रत्येक नोंद स्वतंत्र पाठवा आणि तिचा क्रमांक टॅब्लेटवरच, नोंद तयार होताना द्या. सर्व्हरनं क्रमांक द्यायची वाट बघू नका. ब्राउझरमध्ये यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडं पुन्हा न येणारा क्रमांक, काढायची सोय आहे, फक्त साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) हवी. १२८ बिटांचा आकडा, दोन टॅब्लेटवर एकच निघण्याची काळजी नको.

दुबार नोंदीचं मूळ समजून घ्या, कारण ते बटणात नाही. टॅब्लेटनं विनंती पाठवली आणि उत्तर आलं नाही. आता दोन शक्यता. एक, विनंतीच पोचली नाही. दोन, विनंती पोचली, सर्व्हरनं लिहूनही घेतलं, पण परत येणारं उत्तर वाटेत हरवलं. टॅब्लेटच्या बाजूनं बघितलं तर ही दोन्ही एकसारखीच दिसतात. कितीही हुशारी केली तरी त्याला फरक कळणार नाही. म्हणून त्यानं परत पाठवलंच पाहिजे, आणि तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरनं गपगुमान 'मिळाली' म्हटलं पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये यूयूआयडीच्या रकान्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा नको) घाला आणि लिहिताना 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (आधीच असेल तर काही करू नको) वापरा. २०१६ सालच्या ९.५ आवृत्तीपासून आहे. दुबार आली म्हणून एरर पाठवू नका, नाहीतर टॅब्लेट ती नोंद कायम अडकलेली समजेल.

आणि केंद्र, तारीख, वेळ, सभासद नंबर यांची जोडून किल्ली, म्हणजे नोंद ओळखायची खूण, करायचा मोह होईल. करू नका.

मलप्रभाकाठ

तोच विचार करत होतो! पण तुम्ही म्हणता ते बरोबर. आमच्याकडं एकच माणूस सकाळी गाईचं आणि म्हशीचं असं दोन्ही आणतो. कधी एक किटली घालून जातो आणि अर्ध्या तासानं धाकटा दुसरी घेऊन येतो. ती दुसरी किटली 'दुबार' म्हणून गिळली गेली असती.

म्हणजे क्रमांक बटण दाबल्यावर नाही, तर फॉर्म उघडतानाच काढायचा ना? मग दोनदा दाबलं तरी क्रमांक एकच राहील.

टिळकवाडीकर

अगदी तसंच. चिठ्ठी निघाली की नवा फॉर्म, नवा क्रमांक.

चिकोडीची_लेक

लोकलस्टोरेज सोडा, दादा. साधारण पाच एमबीची मर्यादा, सगळं मजकूर म्हणून ठेवायचं आणि लिहिताना पान तेवढा वेळ थांबतं. शिवाय दोन टॅब उघडे असले तर दोघंही जुनी यादी वाचतात आणि नवी लिहितात, एकाची भर जाते. इंडेक्स्डडीबी घ्या, तो ब्राउझरमधलाच डेटाबेस. त्यात व्यवहार आहेत, म्हणजे ट्रान्झॅक्शन. नोंद आणि 'पाठवायची आहे' ही खूण, दोन्ही एकाच व्यवहारात लिहा. मग एक लिहिलं गेलं आणि दुसरं राहिलं असं होणार नाही. चिठ्ठी छापायची ती हा व्यवहार पुरा झाल्यावरच.

इथं दोन ठिकाणी मी स्वतः अडकलेय, म्हणून सांगते. पहिलं, व्यवहार उघडा ठेवून मध्येच सर्व्हरला विनंती पाठवून उत्तराची वाट बघायची नाही. उत्तर यायच्या आत इंडेक्स्डडीबी व्यवहार आपोआप बंद करतं, आणि पुढचं लिहिणं एरर देतं. आधी वाचा, व्यवहार संपवा, मग पाठवा, उत्तर आलं की नवा व्यवहार उघडून खूण बदला. दुसरं, क्रोमनं १२१व्या आवृत्तीपासून लिहिण्याची पद्धत सैल केलीय. 'झालं' म्हणतो तेव्हा डेटा डिस्कवर अगदी पक्का उतरलेला असेलच असं नाही. एरवी चालतं, पण तुमच्याकडं लाइट नाही, टॅब्लेटची बॅटरी मरते. व्यवहार उघडताना 'स्ट्रिक्ट' मागून घ्या. किंचित हळू होईल, पण दुधाच्या रांगेत तो फरक जाणवत नाही.

ब्राउझरला जागा कमी पडली तर तो आपण होऊन डेटा टाकू शकतो. तसं करू नकोस अशी विनंती करता येते, नॅव्हिगेटर डॉट स्टोरेज डॉट पर्सिस्ट. पण माणसानं हातानं साइट डेटा पुसला तर त्यापुढं काही चालत नाही. आणि कुणी आयफोन-आयपॅडवर चालवत असेल तर लक्षात ठेवा, २०२० पासून सफारी सात दिवस साइट न वापरल्यास असा साठा पुसते. होम स्क्रीनवर ॲप म्हणून घेतलं तर त्यातून सूट आहे.

शहापूरकर

एवढा खटाटोप कशाला? पाउचडीबी ब्राउझरमध्ये, काउचडीबी सर्व्हरवर, दोन्ही जोडीनं चालणारे डेटाबेस. काउचडीबी हे डेमियन कॅट्झनं २००५ साली सुरू केलेलं प्रकरण आहे, ताळमेळ हाच त्याचा मूळ धंदा. नेट आलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. मी एका गोदामाच्या साठ्यासाठी वापरालोय, बरं चाललंय.

टिळकवाडीकर

चांगलं आहे, वाईट म्हणत नाही. पण एकाच कागदावर दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर काउचडीबी ते जुळवून देत नाही. दोन्ही आवृत्त्या ठेवतं, एक विजेती ठरवून दाखवतं, आणि हरलेली तुम्ही मागितल्याशिवाय समोर येत नाही. लोक याला 'आपोआप' समजून विसरतात. हरलेल्या आवृत्तीत कुणाचा तरी फोन नंबर किंवा खातं असतं. शिवाय धागाकर्त्यांचं बिल पोस्टग्रेसमधून निघतंय, म्हणजे दोन डेटाबेस सांभाळणं आलं.

तंबाखूवखार (निपाणी)

मी निपाणीचा. वयानं तुमच्यापेक्षा थोरला असेन. तंबाखूच्या वखारीत आधी हातानं वह्या लिहिल्या, मग त्याच वह्यांचं सॉफ्टवेअर केलं. तुमची चर्चा वाचून एकच सांगावंसं वाटतं.

रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, खोडायचं नाही, हा पहिला धडा. चुकून चाळीसऐवजी चारशे किलो लिहिलं तर ते खोडून चाळीस करायचं नाही. खाली नवी ओळ लिहायची : अमुक पानावरची अमुक नोंद रद्द, आणि त्याखाली बरोबर नोंद. दिवाणजींच्या हातात ब्लेड किंवा खोडरबर दिसला तर मालक उभं राहू देत नसे. का, तर वही एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. आकडा कधी बदलला हे मागच्याला कळलं पाहिजे.

तुमच्या दुधालाही हेच लावा. नोंद एकदा झाली की ती कुणी बदलायची नाही, पुसायची नाही. चूक झाली तर 'रद्द'ची नोंद पाठवा, तिला स्वतःचा क्रमांक द्या आणि मूळ नोंदीचा क्रमांक तिच्यात लिहा. मग बघा, दोन टॅब्लेटांचं भांडण उरतच नाही. दोघंही फक्त भर घालतात. कोण आधी पोचलं, कोण मागाहून, यानं बेरीज बदलत नाही. आणि टॅब्लेटनं बेरीज कधीच पाठवू नये. 'आज एकूण ३१२ लिटर' हे पाठवायचं वाक्य नव्हे, ते वहीवरून काढायचं असतं.

मलप्रभाकाठ

काका, हे वाचून मी लॅपटॉप बंद करून जरा फिरून आलो. दोन महिने मी नोंद दुरुस्त कशी करायची आणि पुसलेली नोंद दुसऱ्या टॅब्लेटला कशी कळवायची यावरच डोकं फोडत होतो. तुमच्या पद्धतीत हे दोन्ही प्रश्नच राहत नाहीत.

दराचंही असंच करतो. टॅब्लेट आत्ता रुपये काढून पाठवतो. दरपत्रक बदललं आणि केंद्राला नेट नसलं तर जुन्या दरानं रुपये येतात. आता फक्त लिटर, फॅट, एसएनएफ आणि टॅब्लेटवर असलेल्या दरपत्रकाचा क्रमांक पाठवीन. रुपये सर्व्हर काढेल. चिठ्ठीवर रकमेच्या पुढं 'अंदाजे' छापतो.

पण सभासदांच्या यादीचं काय? ती तर बदलावीच लागते. फोन बदलतो, बँक खातं बदलतं. आणि आपल्या भागातली खास अडचण म्हणजे नाव दोन लिप्यांत लागतं. केंद्रावर मराठीत, कार्यालयात कागदपत्रांसाठी कन्नडमध्ये. परवा कार्यालयातल्या ताईंनी कन्नड नावं भरून सगळं जतन केलं, आणि त्याच आठवड्यात केंद्रावर बदललेले फोन नंबर जुने झाले.

चिकोडीची_लेक

कारण दोघांनीही अख्खा सभासद पाठवला. ताईंच्या पडद्यावर जुना फोन होता, त्यांनी नावासोबत तोही परत लिहिला. जो रकाना बदलला तेवढाच पाठवायचा : 'सभासद अमुक, कन्नड नाव, जुनं रिकामं, नवं हे.' नाव आणि फोन वेगळे रकाने, मग टक्कर नाही. एकाच रकान्यात दोघांनी लिहिलं तरच टक्कर. ती ओळखायला प्रत्येक बदलासोबत तुम्ही कोणत्या आवृत्तीवरून बदल केला तो आकडा पाठवा. सर्व्हरवर त्या रकान्यात त्यानंतर काही बदललं असेल तर ४०९ (टक्कर झाल्याचा ठरलेला संकेत) परत पाठवायचा आणि माणसाला दोन्ही दाखवून विचारायचं. बँक खात्याच्या बाबतीत यंत्रानं परस्पर निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मराठी-कन्नड नाव हे एका नावाचं भाषांतर समजू नका. दोन स्वतंत्र रकाने ठेवा. सभासदाची ओळख नंबरावरून, नावावरून कधीच नाही.

आणि मराठीतही एक खोच आहे. 'दुसऱ्या गल्लीतला' असं काही शेऱ्यात लिहिता ना? त्यातला ऱ्या वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळा टाइप करतात. कुणी ऱ हे एकच अक्षर वापरतो, कुणी र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखं, पण तुलना केली तर वेगळं, म्हणून शोधात सापडत नाही आणि 'बदललं' असंही दिसतं. जतन करायच्या आधी एनएफसी प्रकारानं, म्हणजे अशी रूपं एक करणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीनं, एकसारखं करून घ्या, ब्राउझरमध्ये त्याची सोय आहे. काही कीबोर्ड मात्र साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. ते एनएफसीनं जात नाही, ते हातानं बदलावं लागतं.

सचिव_पहाटेचा

मी प्रोग्रामर नव्हे. डेअरीत सचिव आहे, दुसऱ्या कंपनीचं ॲप वापरालोय. मुलानं हा धागा दाखवला म्हणून लिहालोय.

आमच्या ॲपात वर एक हिरवा दिवा हाय. नेट असलं की हिरवा. पण दिवा हिरवा असून नोंदी पोचलेल्या नसतात, आणि मग बिलात आम्ही लोकांची बोलणी खातो. मला दिवा नको. मला आकडा द्या. 'आज ६८, पोचल्या ६१, बाकी ७.' बाकी शून्य झाल्याशिवाय मी टॅब्लेट कुणाच्या हातात देणार नाही. आणि कुठल्या सात राहिल्या तेबी दिसू दे, म्हणजे चिठ्ठीची स्थळप्रत बाजूला काढून ठेवता येते.

चिकोडीची_लेक

सचिवसाहेब, तुमचा दिवा का खोटं बोलतो तेही सांगते. 'नेट आहे का' असं ब्राउझरला विचारलं की तो एवढंच बघतो की टॅब्लेट कुठल्यातरी नेटवर्कला जोडलाय का. राउटर चालू पण त्याच्या मागची लाइन बंद, तरी तो 'हो' म्हणतो. 'नाही' म्हणाला तर विश्वास ठेवावा, 'हो' म्हणाला तर नाही. खरी खूण एकच, आपल्या सर्व्हरनं नोंदीचा क्रमांक घेऊन उत्तर दिलं का.

मलप्रभाकाठ, म्हणूनच पाठवायची वेळही एकाच गोष्टीवर सोडू नका. सर्व्हिस वर्करमधून, म्हणजे ब्राउझर पाठीमागं चालवतो त्या कोडमधून, नेट आल्यावर आपोआप पाठवण्याची सोय क्रोमच्या कुळातल्या ब्राउझरांतच आहे, फायरफॉक्स आणि सफारीत नाही. ती वापरा, पण शिवाय ॲप उघडताना, प्रत्येक नोंदीनंतर आणि ठरावीक मिनिटांनी प्रयत्न करा. जमत नसेल तर दोन प्रयत्नांतलं अंतर वाढवत न्या. टॉवर आला की नऊच्या नऊ केंद्रं एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून त्या अंतरात थोडा पुढं-मागं फरक ठेवा.

मलप्रभाकाठ

सचिवसाहेबांचा आकडा पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात येणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. दोन टॅब्लेटवाल्या केंद्रात एकाच्या नोंदी दुसऱ्याला दिसायला हव्यात. मी 'या वेळेनंतर बदललेलं सगळं द्या' असं मागतो. पण एका टॅब्लेटची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ मागं जातं. मग काही नोंदी येतच नाहीत.

टिळकवाडीकर

घड्याळावर क्रम लावायचा नाही. हा काही नवा शोध नाही, संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवून दिलं की वेगवेगळ्या यंत्रांत आधी काय आणि नंतर काय हे घड्याळ न बघता, साध्या वाढत्या आकड्यांनी ठरवता येतं. टॅब्लेटची वेळ माहिती म्हणून ठेवा, चिठ्ठीवर छापा. पण सकाळ की संध्याकाळ हे सचिवांना निवडू द्या. मागणी मात्र सर्व्हरनं दिलेल्या आकड्यावर करा : 'माझ्याकडं ४५० पर्यंत आहे, पुढचं द्या.'

इथं एक खड्डा आहे आणि तो चाचणीत सापडत नाही, गर्दीच्या सकाळीच सापडतो. पोस्टग्रेसच्या सिक्वेन्समधून, म्हणजे आपोआप वाढते आकडे देणाऱ्या सोयीतून, आकडा काढलात तर काय होतं बघा. डॉक्टरकडं टोकन घेतल्यासारखं समजा. पहिल्या व्यवहारानं टोकन ४५१ घेतलं, दुसऱ्यानं ४५२. पण ४५२ चं काम आधी संपलं आणि ते दिसू लागलं. नेमक्या त्याच क्षणी टॅब्लेटनं विचारलं, त्याला ४५२ मिळालं, त्यानं 'माझ्याकडं ४५२ पर्यंत आहे' असं लिहून ठेवलं. मग ४५१ पुरं झालं. ते त्या टॅब्लेटला आता कधीच दिसणार नाही. कुठंही एरर नाही, काही नाही.

तुमच्याकडं नऊच केंद्रं आहेत, तेव्हा सोपा उपाय करा. प्रत्येक केंद्राची एक ओळ ठेवा, तिच्यात शेवटचा आकडा. नोंद लिहिणाऱ्या व्यवहारातच ती ओळ एकानं वाढवायची. ओळीला कुलूप लागतं, दुसरा व्यवहार पहिला पुरा होईपर्यंत थांबतो, म्हणून आकडे ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं दिसतात. हजारो केंद्रांना नाही, पण एका केंद्राला सकाळी सत्तर नोंदी, त्यात हे थांबणं जाणवणारही नाही.

तंबाखूवखार

आणखी एक. सर्व्हरनं नोंद नाकारली तर? सभासद बंद झालाय, नंबर चुकलाय असं.

मलप्रभाकाठ

काका, आत्ताच्या ॲपात तिथंच अख्खी रांग थांबते आणि मागच्या सगळ्या अडकतात. नव्यात अशी नोंद 'अडकलेल्या'मध्ये बाजूला जाईल, कारण दाखवेल, आणि बाकीच्या पुढं जातील. नाकारलेली नोंद टॅब्लेटवरून पुसायची नाही, ती सचिव आणि मी मिळून मिटवू. नेट नाही म्हणून राहिलेली आणि नाकारलेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी मी धरलंच नव्हतं.

लिहून झालं की इथंच कळवतो.

मलप्रभाकाठ (दोन महिन्यांनी)

मंडळी, झालं. तीन केंद्रांवर चालू केलंय, बाकी सहा पुढच्या महिन्यात.

आधी घरी छळून पाहिलं. सर्व्हरवर मुद्दाम असं केलं की दर तिसऱ्या वेळी नोंद लिहून घ्यायची पण उत्तर पाठवायचंच नाही. त्या अवस्थेत दोनशे नोंदी टाकल्या, मध्येच क्रोम बंद केला, टॅब्लेट बंद केला, घड्याळ एक वर्ष मागं नेलं. शेवटी सर्व्हरवर दोनशेच. एकदा एकशे नव्याण्णव भरल्या होत्या, तेव्हा पोटात गोळा आला. शोधल्यावर कळलं की चिठ्ठी व्यवहार पुरा व्हायच्या आधी छापली जात होती. चिकोडीच्या ताईंनी सांगितलेलं, तरी एका जागी माझ्याकडून राहिलं होतं.

मग परवा खरी परीक्षा झाली. कणकुंबीकडच्या केंद्रात तीन दिवस नेट नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळचं संकलन आटोपून सचिव टॅब्लेट पिशवीत घालून खानापूरच्या एसटीत बसले. आकडा दाखवत होता : बाकी २१४. त्यांनी मला सांगितलं ते असं. जांबोटीच्या अलीकडं वळणावर एकदा १९० झालं आणि तिथंच थांबलं. परत झाडी. जांबोटी स्टँडवर गाडी उभी राहिली, कंडक्टर चहा प्यायला उतरला, आणि आकडा उतरायला लागला. चहा संपेपर्यंत ३.

त्या तीन 'अडकलेल्या'त होत्या. तिन्ही एकाच बंद झालेल्या सभासद नंबरावरच्या. त्या घरातले आजोबा वारले, सून आता दूध घालते पण नंबर जुनाच सांगते. सचिव खानापुरात पोचले तसे थेट माझ्याकडं आले, आम्ही सुनेच्या नावानं नवा नंबर काढला, तीन उलट नोंदी आणि तीन नव्या नोंदी केल्या.

सचिव_पहाटेचा

आमच्या कंपनीला हा धागा दाखवालोय. तुमचा तो बाकीचा आकडा किती मोठा ठेवलाय? मला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे.

मलप्रभाकाठ

टॅब्लेटच्या रुंदीच्या निम्मा, सचिवसाहेब. किटली ओतताना दोन हात लांबून दिसतो. बाकी असली की नारिंगी, शून्य झालं की पांढरा.